छातीवर एक कागद



डिसेंबरातल्या एका रविवारी विहारातली वंदना आटोपली, चटया गुंडाळून झाल्या आणि मी माझ्या सायकलीचे कुलूप काढत होतो. तेवढ्यात पूर्वेच्या चाळीत राहणाऱ्या एक ताई जवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सायकलवाले. एक विचारायचं होतं. पोराची सायकल बंद करू का?"

मुलगा बारावीला आहे. पहाटे साडेचारला उठतो, स्टेशनजवळ पेपरचे गठ्ठे लावतो, ते सायकलवर घालून उड्डाणपुलावरून पश्चिमेला जातो आणि सात वाजेपर्यंत शंभरेक घरांत पेपर टाकतो. त्या पैशांत त्याच्या क्लासची फी भागते. वडील रात्रपाळीचे वॉचमन. थंडी सुरू झाल्यापासून मुलगा खोकत होता. आई रोज दोन स्वेटर चढवून पाठवी. परत येई तेव्हा दोन्ही स्वेटर कॅरियरला बांधलेले आणि शर्ट घामाने चिंब. "सांगितलं तर ऐकत नाही. सायकलच विकून टाकते म्हटलं तर रडतो," ताई म्हणाल्या. फी की छाती, असा तो प्रश्न होता. त्यावर विहाराच्या दारात उभ्या उभ्या उत्तर देणे बरे नव्हे.

पहिली गोष्ट मी ही सांगितली, की आधी डॉक्टरला दाखवा. आपल्या वस्तीत खोकल्याला "थंडीचा आहे, जाईल" म्हणून अंगावर काढण्याची वाईट सवय आहे. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्यावीच. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते आणि क्षय निघाला तर औषधेही मोफत मिळतात. या मुलाच्या बाबतीत सुदैवाने तसे काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, थंडीने जंतू जन्माला येत नाहीत. पण धापा टाकत तोंडाने ओढलेली गार हवा आणि धूळ घशाला व श्वासनळीला त्रास देते, आणि ओल्या कपड्यांत वारा खाल्ला की अंग गारठते. सायकल बंद करू नका, कपडे नीट करा.

आता कुणी म्हणेल, नालासोपाऱ्याला कसली आली थंडी? खरे आहे. आपण समुद्राजवळची माणसे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरला तरी आपण शेकोटी पेटवतो. मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत नोंदवलेली सर्वांत कडक थंडी २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंश. आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या माणसांना आपली थंडी ऐकून हसू येईल. परंतु आकडा पाहून फसू नये. उत्तरेकडून गार, कोरडे वारे उतरले, की पूर्वेच्या दाटीवाटीच्या चाळींत जाणवत नाही ती थंडी पश्चिमेला मोकळ्या वाड्यांत, मिठागरांच्या नि खाडीच्या बाजूला चांगलीच जाणवते. आणि सायकलस्वाराची थंडी तर निराळीच. हवा अगदी पडलेली असली, तरी ताशी १५ किलोमीटरने निघालेला माणूस ताशी १५ किलोमीटरचा वारा स्वतःच तयार करतो आणि स्वतःच छातीवर घेतो. चालणाऱ्याला जी पहाट सुखाची, तीच सायकलवाल्याला बोचते.

मी ताईंना म्हटले, एक दिवस मीच त्याच्याबरोबर जातो. नाहीतरी मलाही पहाटेची लोकल असते.

पहाटे पाचला आम्ही निघालो. मुलाने आईसमोर दोन्ही स्वेटर घातले आणि गल्लीचे वळण आल्यावर काढून कॅरियरला अडकवले. मी काही बोललो नाही. गठ्ठे लादून पूल चढताना त्याला दरदरून घाम आला. पुलाच्या माथ्यावरून पलीकडे उतार लागला, पाय थांबले आणि वारा थेट त्या ओल्या शर्टावर आला. पोरगा शहारला, हे मला मागून दिसले. पुढे इमारतींचे जिने. चार मजले धावत वर, चार मजले धावत खाली, पुन्हा घाम, पुन्हा सायकल, पुन्हा वारा. सहा वाजेपर्यंत त्याचा शर्ट तीनदा भिजला आणि तीनदा अंगावरच वाळला. खोकल्याचे कारण शोधायला आणखी लांब जायची गरज नव्हती.

मी बी.कॉम. झालेला हिशेबी माणूस. मला शरीराचाही जमाखर्च दिसतो. पायडल मारताना आपण जी शक्ती खर्च करतो, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो. उरलेल्या तीन हिश्शांची अंगात उष्णता होते. ही जमा. म्हणूनच दहा मिनिटांत सायकलवाल्याला गरम होते. खर्चाच्या बाजूला वारा आणि घाम. कोरडा कपडा ऊब का देतो? ऊब कपड्यात नसते, कपड्याने अडवून धरलेल्या हवेत असते. घामाने कपडा भिजला, की त्या हवेच्या जागी पाणी येते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. सुती कपडा घाम पितो आणि धरून बसतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषूनही ओली लागत नाही. म्हणजे फार कपडे घालणारा आणि अजिबात न घालणारा, दोघेही शेवटी एकाच जागी येतात. एक घामाने गारठतो, दुसरा वाऱ्याने.

त्या मुलाला मी विचारले, "अरे, दोन नको तर एक तरी स्वेटर का ठेवत नाहीस अंगावर?" आधी "गरम होतं" म्हणाला. मग जरा वेळाने खरे बोलला. "काका, तो आईचा आहे. कोपरावर रफू केलेला. ज्या बिल्डिंगमध्ये पेपर टाकतो, तिथे माझ्या क्लासची पोरं राहतात."

यावर मला उपदेश करता आला असता. पण करवला नाही, कारण मला माझे वडील आठवले.

माझे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, मुंबईतली खोली सुटली, आणि बऱ्याच कुटुंबांसारखे आम्हीही नालासोपाऱ्याला आलो. वडिलांना अंधेरीला एका कारखान्यात पहारेकऱ्याचे काम मिळाले. पहाटे सायकलने स्टेशन, तिथून लोकल. स्वेटर घरात एकच होता, तो माझ्या आजीला. वडील निघताना आदल्या दिवसाचा पेपर दुहेरी घडी करून बनियन आणि शर्ट यांच्यामध्ये छातीवर सरकवत, वर पट्टा आवळत आणि निघत. १९९४ च्या जानेवारीत मला दादरला काकांकडे जायचे होते म्हणून त्यांच्या कॅरियरवर बसून निघालो. मी त्यांच्या कमरेला धरले की कागद करकर वाजे. स्टेशनवर सायकल लावून प्लॅटफॉर्मवर आलो, तिथे माझ्या वर्गातला एक मुलगा आईवडिलांबरोबर उभा. वडिलांनी नेहमीप्रमाणे शर्टाचे बटण काढून कागद बाहेर ओढला, हाताने सारखा केला आणि वाचू लागले. मी हळूच म्हणालो, "बाबा, लोक बघतायत." त्यांनी माझ्याकडे पाहिले, पेपर घडी करून पिशवीत घातला, आणि काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी बरोबर असलो की त्यांनी छातीवर कागद घातला नाही. नुसत्या शर्टावर वारा खात मला स्टेशनवर पोचवत. वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते दोन शब्द मला परत घेता आले नाहीत.

पुढे कळले, की माझे वडील जे करत होते ते जगातले नावाजलेले सायकलपटूही करीत. १९०३ पासून चालत आलेल्या 'टूर द फ्रान्स' या शर्यतीत स्वार आल्प्स पर्वताचा घाट चढून घामाने निथळत माथ्यावर येत, तेव्हा रस्त्याकडेला उभ्या लोकांकडून वर्तमानपत्र घेत, जर्सीखाली छातीवर सारत आणि मग उतार उतरत. कागद वारा अडवतो, घड्यांत हवा धरतो आणि थोडी ओलही शोषतो. म्हणजे आमच्या नालासोपाऱ्याच्या पुलावर जे घडते तेच तिथे मोठ्या प्रमाणावर घडत असे: चढावर घाम, उतारावर वारा. वडिलांनी टूर द फ्रान्सचे नावही ऐकले नव्हते. गरजेने त्यांना शिकवले.

याहून जुना धडा आपल्या घरातच आहे. विनयपिटकातील महावग्गाच्या चीवर प्रकरणात एक प्रसंग आहे. वैशालीला गोतमक चैत्यापाशी ऐन हिवाळ्यात, दव गोठते अशा रात्री भगवान बुद्ध एकच चीवर पांघरून उघड्यावर बसले. रात्रीचा पहिला प्रहर सरता सरता थंडी वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरताना तिसरे घेतले, आणि पहाट फुटताना चौथे. त्या अनुभवावरून त्यांनी भिक्षूंसाठी तीन चीवरांची मर्यादा घालून दिली: अंतरवासक, उत्तरासंग आणि दुहेरी संघाटी. चौथ्या थराचे काम संघाटीच्या दुहेरी कापडाने भागते. मला यात दोन गोष्टी दिसतात. नियम सांगण्याआधी त्यांनी स्वतः थंडी सोसून पाहिली. आणि एकच जाड पांघरूण न घेता थरावर थर घेतले. लागेल तसे चढवले. आपल्या सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन करून उजेडात आणला. पेपर टाकणारी मुले त्या रस्त्यानेही जातात. त्या काळी इथले भिक्षू तीन चीवरांत पहाटे भिक्षेला निघत असतील, तर आपल्या पोरांनाही तीन थर पुरतील.

तीन थर कसे घालावेत

अंगाला लागून पहिला थर घाम ओढून घेणारा व लवकर वाळणारा असावा. खेळाच्या टी-शर्टचे पातळ कापड सुती बनियनपेक्षा यासाठी चांगले. सुतीच असेल तर एक जादा बनियन पिशवीत ठेवावा आणि काम संपल्यावर आधी तो बदलावा. ओला बनियन अंगावर ठेवून क्लासला किंवा लोकलला बसणे सर्वांत वाईट.

दुसरा थर उबेचा. एक पातळ लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, पुढून चेन किंवा बटणे असलेला. डोक्यातून घालायचा नको. चढ आला की चेन छातीपर्यंत उघडावी, उतार आला की बंद करावी. सायकलवर बसल्या बसल्या हे एका हाताने करण्याच्या फंदात पडू नये. पाय टेकून करावे.

तिसरा थर वाऱ्याचा. त्यासाठी वाऱ्याला अडवणारे पातळ जाकीट असले तर उत्तम. पावसाळ्यातला रेनकोट घालणारेही मी पाहतो, पण त्यात वारा येत नाही तसा घामही जात नाही. जाकीट नसेल तर वर्तमानपत्राची तीन-चार पाने दुहेरी घडी करून बनियनवर, शर्टाखाली, गळ्यापासून पोटापर्यंत सरकवावीत. अंगाला थेट लावू नयेत, शाई लागते. पोचल्यावर काढावीत, ओली झाली तर बदलावीत.

आणि नियम एकच लक्षात ठेवावा: दारातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊब वाटली तर कपडे जास्त झाले, असे समजावे. दहा मिनिटांत पायच भट्टी पेटवतात.

डोके, हात, पाय

कान झाकावेत, पण रस्त्याचा आवाज ऐकू येईल इतपतच. माकडटोपीने बाजूचे दिसत नाही. कानपट्टी किंवा साधी लोकरी टोपी बरी. मफलर असेल तर टोके गळ्याशी गुंडाळून शर्टात खोचावीत. लोंबते टोक चाकात गेले तर माणूस जागीच पडतो. नाकातोंडावर सुती रुमाल एकेरी बांधावा. बाहेर सोडलेल्या श्वासाने तो कोमट होतो आणि आत येणारी हवा थोडी ऊब घेऊन, धूळ गाळून येते. या मुलाच्या खोकल्याला अधिक उतार याच रुमालाने पडला असे मला वाटते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पहाटे सायकल मारू नये.

हातांकडे दुर्लक्ष होते. थंडीत शरीर पोटा-छातीची ऊब जपते आणि बोटांचे रक्त कमी करते. बोटे आखडली की ब्रेक उशिरा लागतो, आणि पहाटेच्या अंधारात एवढा उशीर महागात पडतो. साधे विणलेले हातमोजे पुरतात. तेही नसतील तर जुन्या पायमोज्याचा पुढचा भाग कापून तळहातावर चढवावा, बोटे मोकळी राहतात. पायांत चपलेऐवजी बंद बूट असावेत. विजारीचा उजवा पाय साखळीच्या बाजूचा. तो मोज्यात खोचावा किंवा रबराने बांधावा.

आमच्या ज्या मुली आणि भगिनी सायकलने कॉलेजला, कामाला जातात, त्यांनी ओढणी तिरपी घेऊन कमरेला गाठ मारावी. शाल पांघरून सायकल चालवू नये. ती वाऱ्याने फुगते आणि सरकते. पंजाबी ड्रेसवर चेनचा स्वेटर, तोही ओढणीच्या वर, हे सर्वांत सुटसुटीत. जुन्या सायकलीला साखळीचे कव्हर नसेल तर ते आधी बसवून घ्यावे. स्वेटरपेक्षा त्याची निकड मोठी.

शेवटचे, पण जिवाशी गाठ असलेले. हिवाळ्यात उजाडायला उशीर होतो आणि आपले बहुतेक स्वेटर काळे, निळे, तपकिरी. ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही. सर्वांत वरचा कपडा पांढरा किंवा पिवळा असावा. जुना पांढरा शर्टही स्वेटरवर घालता येतो. मागे लाल दिवा किंवा निदान चमकणारी पट्टी हवीच.

कपड्याची लाज आणि मान

कपड्याचा प्रश्न आपल्या समाजात कधीच नुसता कपड्याचा नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला, जात ओळखू येणारे जड दागिने टाकायला आणि स्वच्छ राहायला सांगितले, ते यासाठीच. पोशाखावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज त्यांना मोडायचा होता. ती शिकवण आपण घेतली, चांगली घेतली. पण तिचा अर्थ रफूची लाज बाळगावी असा नाही. स्वच्छ धुतलेला, नीट रफू केलेला स्वेटर हा आईच्या कष्टाचा पुरावा आहे. लाज वाटायचीच तर ती उबेची सोय नसताना पोरांना पहाटे राबावे लागते, याची समाजाला वाटली पाहिजे.

हे मी मुलाला या शब्दांत सांगितले नाही. त्याला फक्त माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, प्लॅटफॉर्मवरची, जशी घडली तशी. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, म्हणजे मी रोज शंभर जणांना पेपर देतो आणि माझ्यासाठी एक ठेवत नाही."

विहाराच्या मंडळात आम्ही एक छोटी गोष्ट ठरवली. हिवाळ्यात स्वेटरवाले तिबेटी बांधव जिथे बसतात, तिथून सर्वांनी मिळून चेनचे स्वेटर एकदम घ्यायचे, म्हणजे भाव उतरतो. आणि पहाटे सायकलवर काम करणाऱ्या मुलांची यादी करून ज्याला नाही त्याला द्यायचे. कुणाचे नाव फलकावर लावायचे नाही, फोटो काढायचा नाही. घरातले चांगले पण वापरात नसलेले स्वेटर धुऊन आणून द्यावेत, अशी वाचकांनाही विनंती आहे. तुमच्या वस्तीतही हे सहज करता येईल.

ताईंनी सायकल विकली नाही. परवा पहाटे पुलावर मुलगा मला दिसला. आईचा तोच स्वेटर, वर पांढरा शर्ट, नाकावर रुमाल. मला पाहून त्याने उतारावर पाय टेकला, छातीवर हात मारला आणि हसला. कागद करकर वाजला. कित्येक वर्षांनी तो आवाज ऐकला आणि लोकल चुकली तरी चालेल म्हणून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

जयभीम.